साक्रामेंताच्या मिरवणुकीत पहिल्यांदा चालताना

ख्रिस्त राजाच्या सणाला आमची साक्रामेंताची मिरवणूक रस्त्यावरून निघते. तो सण आठवड्यावर आला की माझ्या फोनवर तेच तेच प्रश्न सुरू होतात. "ताई, साडीच नेसायची का?" "बूट चालतील ना?" "आमचे हे हिंदू आहेत, ते आले तर कोणी काही म्हणणार नाही ना?" "पिंटूला मध्येच सू लागली तर?" विचारणाऱ्या बहुतेक जणी नवीन असतात. कोणी नगर-श्रीरामपूरकडून नोकरीसाठी खराडीला आलेलं, कोणी वसईहून लग्न होऊन आलेली, कोणाच्या मुलीने यंदाच पहिला कम्युनियन (पवित्र भाकर ग्रहण करणं) घेतलेला. मी पुण्यातल्या आमच्या धर्मग्रामात (एका चर्चच्या स्थानिक मंडळीत) गेली वीसेक वर्षं सॅक्रिस्टीत (चर्चच्या तयारीच्या खोलीत) मदत करते, म्हणजे वेदीची वस्त्रं धुणं, मेणबत्त्या मोजणं, पितळ घासणं ही कामं. त्यामुळे सगळे मलाच विचारतात. एकेकीला सांगण्यापेक्षा एकदाच लिहून काढते.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढच्या निम्म्या सूचना तिच्यातूनच निघतात. आपल्याकडे मिरवणूक म्हटली की डोळ्यांपुढे मूर्ती येते, नाहीतर पालखी आणि पादुका. चर्चमध्येसुद्धा आठ सप्टेंबरला मारियामातेची मूर्ती खांद्यावरून निघते. साक्रामेंताच्या मिरवणुकीत मूर्ती नसते. मिस्सेत (चर्चमधल्या मुख्य उपासनेत) अर्पण झालेली ओस्ती, म्हणजे गव्हाचं पीठ आणि पाणी यांची बिनखमिराची पातळ, गोल, पांढरी भाकर, एका उभ्या सोनेरी पात्रात काचेआड ठेवतात आणि फादर ते पात्र हातात धरून रस्त्याने चालतात. या अर्पण झालेल्या ओस्तीलाच साक्रामेंत म्हणतात. बस, एवढंच. पण अर्पणाच्या शब्दांनंतर ती भाकर उरत नाही, ते ख्रिस्ताचं शरीर होतं, अशी कॅथलिकांची श्रद्धा आहे. म्हणजे ही कशाची प्रतिमा नेलेली नसते, प्रत्यक्ष प्रभूच चाललेला असतो. म्हणून टाळ्या नाहीत, घोषणा नाहीत, फादरांना हार नाही. फादर त्या वेळी फक्त हमालाचं काम करत असतात. हे वाक्य माझं नाही, आमच्याच एका म्हाताऱ्या फादरांचं आहे.

या मिरवणुकीचा मूळ सण कधीचा, आणि पुण्यात मिरवणूक नोव्हेंबरात का

बेल्जियममधल्या लिएज गावात तेराव्या शतकात ज्युलियाना नावाची एक संन्यासिनी होती. तिला दृष्टांतात पूर्ण चंद्र दिसायचा आणि त्यावर एक काळी चीर. चर्चच्या वर्षात एक सण कमी आहे, असा तिने त्याचा अर्थ लावला. 1246 मध्ये तिथल्या बिशपांनी आपल्या भागापुरता तो सण, म्हणजे ख्रिस्तशरीराचा सण (कॉर्पस क्रिस्ती), सुरू केला आणि 1264 मध्ये पोप चौथे अर्बन यांनी तो सगळ्या चर्चला लागू केला. सणाची गाणी आणि प्रार्थना संत थॉमस अक्विनास यांच्या मानल्या जातात. शेवटी आपण गातो ते 'तान्तुम एर्गो' त्यातलंच.

मूळ दिवस गुरुवार, कारण प्रभूने शेवटचं भोजन गुरुवारी केलं. भारतात गुरुवारी सुट्टी कुठली? म्हणून पुढच्या रविवारी करतात. हिशोब सोपा आहे: ईस्टरच्या रविवारपासून बरोबर नऊ आठवडे मोजा. 2026 मध्ये हा रविवार 7 जूनला आहे, 2027 मध्ये 30 मेला.

पुणेकरांना पुढचं सांगायला नकोच. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात दुपारी चारला आभाळ भरून येतं आणि पाच वाजता रस्त्याचा ओढा होतो. शिवाय पालख्या. 2025 मध्ये हा सण 22 जूनला आला, आणि त्याच दिवशी ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पुण्यातला मुक्काम आटोपून पुढे निघाल्या. त्यांचे मुक्काम नाना पेठ-भवानी पेठेत, आणि पुण्यातलं सगळ्यात जुनं कॅथलिक चर्चसुद्धा नाना पेठेतच, क्वार्टर गेटजवळ. सिटी चर्च म्हणतात ते. सवाई माधवराव पेशव्यांनी दिलेल्या जागेवर 1792 मध्ये उभं राहिलेलं, पेशव्यांच्या फौजेतल्या ख्रिस्ती लोकांसाठी. अशा दिवशी त्या बाजूला दुसरी मिरवणूक काढायची म्हटलं तर वारकऱ्यांची, पोलिसांची आणि आपली सगळ्यांचीच पंचाईत.

म्हणून बरीच धर्मग्रामं जूनमध्ये चर्चच्या आवारातच छोटी फेरी काढतात आणि रस्त्यावरची मोठी मिरवणूक नोव्हेंबरात, ख्रिस्त राजाच्या सणाला ठेवतात. ख्रिस्त राजाचा सण त्यामानाने नवा आहे. पोप अकरावे पायस यांनी 1925 मध्ये सुरू केला, तेव्हा तो ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी असायचा. 1969 च्या नव्या दिनदर्शिकेत तो चर्चच्या वर्षाच्या शेवटच्या रविवारी गेला. 2026 मध्ये तो 22 नोव्हेंबरला आहे. हवा कोरडी, संध्याकाळी गार, अंधार लवकर पडत असल्यामुळे मेणबत्त्या उठून दिसतात. तुमच्या धर्मग्रामाची तारीख मात्र मिस्सेच्या शेवटी सूचना वाचतात तेव्हाच कळेल. सूचना सुरू झाल्या की गाडी काढायला पळणाऱ्यांपैकी तुम्ही असाल, तर पाच मिनिटं थांबा.

घरून निघताना

साडीच हवी असं काही नाही. पंजाबी ड्रेस चालतो, पॅन्ट-शर्ट चालतो. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, एवढंच. डोक्यावर पदर घेणाऱ्या घेतात, न घेणाऱ्यांना कोणी हटकत नाही. सिंथेटिक कपडा मात्र टाळा, हातात तासभर पेटती मेणबत्ती असणार आहे. ओढणी असेल तर ती मागे बांधून टाका. पहिला कम्युनियन घेतलेल्या मुलांना त्या दिवशीचेच पांढरे कपडे घालायला सांगतात. सहा महिन्यांत मुलगा वाढलेला असतो, हे आदल्या रात्री लक्षात येतं. आठवडाभर आधी एकदा घालून बघा.

पायात रोजचे, चाललेले, मळलेले बूट किंवा चपला. नव्या सँडल या दिवशी काढू नका, एवढी एक विनंती. काही बायका अनवाणी चालतात. तो त्यांचा नवस असतो, नियम नाही.

मिस्सेत कम्युनियन घेणार असाल तर आधी एक तास काही खायचं नाही. पाणी आणि औषध चालतं, आजाऱ्यांना आणि वयस्कर माणसांना तर तासाचंही बंधन नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण साखरेचा त्रास असलेले आमचे एक काका दिवसभर उपाशी राहून आले आणि अर्ध्या वाटेत रस्त्याच्या कडेला बसले. दुपारी व्यवस्थित जेवा. पिशवीत पाण्याची बाटली, एक जुना रुमाल आणि वर्तमानपत्राची घडी ठेवा. घडी कशाला ते पुढे येईलच.

गाडीचं काय करायचं? शक्य असेल तर आणूच नका. रविवारी संध्याकाळी कॅम्पात पार्किंग शोधणं हीच एक वेगळी मिरवणूक असते. नगर रोडच्या बाजूला जायचं असेल तर मेट्रो आता रामवाडीपर्यंत जाते. रिक्षाने आलात तर उतरायची जागा चर्चच्या फाटकापासून थोडी अलीकडे धरा, फाटक मोकळं लागतं.

मिस्सा संपते, पण संपत नाही

नवीन माणसांची सगळ्यात मोठी फसगत इथे होते. मिरवणूक मिस्सेला जोडूनच असते. त्या मिस्सेत नेहमीपेक्षा एक मोठी ओस्ती जास्त अर्पण केलेली असते, मिरवणुकीसाठी. कम्युनियन झाल्यावर ती पात्रात बसवून वेदीवर ठेवतात. रोजच्यासारखा शेवटचा आशीर्वाद होत नाही, "शांतीने जा" म्हणत नाहीत. तुम्ही मनात वाट बघत असता, तो येतच नाही, आणि शेजारचे सगळे गुडघ्यावर गेलेले असतात. तुम्हीही जा. गुडघे दुखत असतील तर बसून मान लववा.

या पात्राला मॉन्स्ट्रन्स म्हणतात. शब्द लॅटिन, 'दाखवणं' या अर्थाचा. आमच्याकडचा पितळेवर सोन्याचा मुलामा दिलेला आहे. खाली जड बैठक, वर दांडा, आणि त्यावर सूर्यासारखी किरणं. मधोमध दोन गोल काचा आणि त्यांच्यामध्ये चंद्रकोरीसारखी एक चिमटी, तिच्यात ओस्ती उभी राहते. सणाच्या आधी किरणांमधलं काळं काढायला मला जुना टूथब्रश लागतो. काच मात्र फक्त कोरड्या मऊ कपड्याने. मी कधी तागडीत घातलेला नाही, पण उचलते ना, तीन-साडेतीन किलो सहज असेल. आता भरलेला कुकर दोन्ही हातांनी नाकासमोर धरून तासभर चालून बघा. वाटेत थांबे असतात ते प्रार्थनेसाठीच, पण फादरांच्या मनगटांनाही त्यांचा आधार होतो.

उचलण्याआधी फादरांच्या खांद्यावर एक लांब, रुंद पट्टा घालतात. त्याची दोन्ही टोकं हातांभोवती गुंडाळून ते दांडा पकडतात, उघड्या हाताने नाही. आशीर्वाद फादरांच्या हाताचा नाही, प्रभूचा, म्हणून हात झाकायचे. पट्टा रेशमी असला की दांडा सटकतो. चांगल्या शिंप्याने शिवलेल्या पट्ट्याला आतून खिसे असतात, हात त्यात घालून घट्ट धरता येतं. आमच्याकडे असा एक आहे, तो मी फक्त याच दिवसासाठी बाजूला ठेवते.

बाहेर पडताना धुपाचा वास येईल. धूपदान सांभाळणं हे वेदीसेवक पोरांचं मानाचं काम, आणि ते वाटतं तितकं सोपं नाही. कोळशाची गोल वडी चिमट्यात धरून गॅसवर पेटवायची, काळ्याची राखाडी होईपर्यंत वाट बघायची, मग लोबानाचा अर्धा चमचा. उत्साहात दोन चमचे टाकले की कोळसा गुदमरून विझतो आणि पोरगं रडवेलं होऊन माझ्याकडे बघतं. तुमचा मुलगा वेदीसेवक असेल तर त्याला घरीच सांगून पाठवा: अर्धाच.

रांगेत कुठे उभं राहायचं

सगळ्यात पुढे क्रूस, त्याच्या दोन्ही बाजूंना मेणबत्त्या. मग साधारणपणे मुलं, वेगवेगळे गट आणि संघ, सिस्टर्स, गायकवृंद. नंतर वेदीसेवक, धूपदानं, घंटी, आणि चार खांबांवर धरलेल्या कापडी चांदव्याखाली मॉन्स्ट्रन्स घेतलेले फादर. बाकीचे लोक मागे. प्रत्येक ठिकाणी थोडा फरक असतो. आमच्याकडे मुलं पाकळ्या उधळत चांदव्याच्या अगदी पुढे चालतात, कारण त्यांना सगळ्यात पुढे ठेवलं तर ती पळतात.

पहिलंच वर्ष असेल तर चांदव्याच्या मागे वीस-पंचवीस पावलांवर जागा धरा. तिथून मॉन्स्ट्रन्स दिसतो, प्रार्थना ऐकू येतात, आणि कधी गुडघ्यावर जायचं ते समोरच्याकडे बघून कळतं. लहान मूल सोबत असेल तर रांगेच्या डाव्या कडेला राहा. बाहेर पडून पुन्हा आत यायला तेच बरं. आणि हो, पिंटूचा प्रश्न: मिरवणूक निघायच्या आधी चर्चच्या आवारात एकदा जाऊन या, लागली असो वा नसो.

फुलाच्या पाकळ्या रस्त्यावर टाकायच्या, मॉन्स्ट्रन्सवर फेकायच्या नाहीत. झेंडूच्या ओल्या पाकळ्यांवर पाय घसरतो, तेव्हा गुलाबाच्या आणा आणि थोड्या थोड्या टाका. काही गल्ल्यांत शेजारपाजारच्या बायका दाराशी रांगोळी काढतात, ख्रिस्ती नसलेल्यासुद्धा. ती पुसू नये म्हणून रांग कडेने वळवतात. स्वयंसेवकाने हात केला की का, कशाला न विचारता वळा.

चाल

आता मुद्द्याची गोष्ट. मिरवणुकीत चालणं हे एक कौशल्य आहे आणि ते आपल्या पुणेकरांना अजिबात येत नाही. आपण एकतर पळतो, नाहीतर घोळक्यात उभे राहून गप्पा मारतो. इथे वेग ठरवतो तो साडेतीन किलो वजन नाकासमोर धरून चालणारा माणूस. त्याच्यापुढे जायचं नाही आणि त्याच्यापासून तुटायचंही नाही. समोरच्या ओळीपासून एक हात अंतर. ते वाढलं की त्या फटीत पहिली स्कूटर घुसते, तिच्यामागे दुसरी, आणि मग रांगेचे दोन तुकडे होतात. पुढच्यांना पत्ता नसतो, मागचे सिग्नलला अडकलेले असतात.

पाय मोजून टाका. मी मनात जपमाळेच्या शब्दांवर पाऊल टाकते. "नमो मरिये" म्हणताना दोन पावलं. आपोआप जमतं.

प्रार्थना साधारण जपमाळ आणि गाणी अशा आलटून पालटून चालतात. पुण्याचं धर्मग्राम म्हणजे खिचडी असते, त्यामुळे एक दशक (जपमाळेतले दहा मणी) मराठीत, एक इंग्रजीत, मग कोंकणी, तमिळ, मल्याळम. तुम्हाला येत नसलेली भाषा आली तर आपल्या भाषेत हळू म्हणा, कोणाची हरकत नसते. गंमत होते ती आवाजाची. स्पीकर टेम्पोवर बांधलेला, टेम्पो पुढे. मागच्यांना आवाज पोचेपर्यंत पुढचे "आमेन" म्हणून मोकळे झालेले असतात, आणि मधल्या लोकांना दोन जपमाळा एकाच वेळी ऐकू येतात. अशा वेळी टेम्पोचं ऐकू नका. तुमच्याजवळ हातात भोंगा घेतलेला जो स्वयंसेवक असेल, त्याच्याबरोबर म्हणा.

मेणबत्ती पेटवताना पेटलेली सरळ ठेवा आणि न पेटलेली तिच्यावर वाकवा. सगळे उलटं करतात आणि मेण शेजारणीच्या हातावर जातं. खाली कागदी पेला लावून देतात तो काढू नका. आठ वर्षांखालच्या मुलांना पेटती मेणबत्ती देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. बॅटरीवरची पाच-पन्नास रुपयांची मिळते. समोरच्या बाईची वेणी ही मोठी जवळ असते.

मोबाइल खिशात. तुमच्या लेकीचा पाकळ्या टाकतानाचा फोटो हवाच असेल तर कडेला उभं राहून एक काढा आणि पुन्हा रांगेत या. चांदव्यासमोर उलटं चालत व्हिडिओ काढणारा दरवर्षी एकजण असतो. पुण्यातले गतिरोधक उलटं चालणाऱ्यासाठी बनवलेले नाहीत.

थांबे

वाटेत दोन-तीन ठिकाणी टेबलावर पांढरं कापड, फुलं आणि मेणबत्त्या मांडून छोट्या वेद्या केलेल्या असतात. तिथे मॉन्स्ट्रन्स ठेवतात. शुभवर्तमानातला एखादा उतारा, थोडी शांतता, शहरासाठी, आजाऱ्यांसाठी प्रार्थना, धूप आणि आशीर्वाद. इथे रस्त्यावरच गुडघ्यावर जायचं, आणि आता ती वर्तमानपत्राची घडी काढा. डांबरातली खडी नोव्हेंबरातही टोचते.

किती गुडघे टेकायचे यावरून नेहमी वाद होतो. जुनी माणसं दोन्ही टेकतात, 1973 पासूनचा नियम एकाचा आहे. भारतीय बिशपांच्या विनंतीवरून रोमने 1969 मध्ये इथल्या पद्धतीही मान्य केल्या: हात जोडून खोल वाकून नमस्कार, आरती, पंचांग प्रणाम. म्हणून एखाद्या चर्चमध्ये साक्रामेंतापुढे निरांजनाचं ताट ओवाळलेलं दिसलं तर दचकू नका, ते रीतसर आहे. गुडघे साथ देत नसतील तर उभं राहून मान लववा.

आशीर्वादाच्या वेळी फादर मॉन्स्ट्रन्स उचलून हवेत क्रूसाची खूण करतात आणि एक शब्दही बोलत नाहीत. नवीन माणूस "आता काहीतरी म्हणतील" म्हणून मान वर करून बघत राहतो. शब्द नाहीतच. घंटी वाजते, तुम्ही मान खाली घालून स्वतःवर क्रूसाची खूण करायची. मागे बस हॉर्न देत असते, कोणीतरी मोबाइलवर "अरे जाम आहे, दहा मिनिटं" असं सांगत असतो, आणि त्या सगळ्यात ती घंटी ऐकू येते. मला मिरवणुकीतला हा क्षण सगळ्यात आवडतो.

ख्रिस्ती नसलेले घरचे लोक

अवश्य आणा. त्यांनी हात जोडून नमस्कार केला तर उत्तमच. फक्त दोन गोष्टी आधी सांगून ठेवा. एक म्हणजे मिरवणुकीत प्रसाद वाटला जात नाही. कम्युनियन मिस्सेत, आणि ते कॅथलिकांपुरतंच. तुमच्या यजमानांना मिस्सेत रांगेत यावंसं वाटलं तर येऊ द्या. छातीवर हातांची घडी घालून फादरांपुढे उभं राहिलं की ते डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देतात. हे दारातच समजावून सांगितलेलं बरं. ऐन वेळी कोणी हात पुढे केला की सगळ्यांनाच अवघडल्यासारखं होतं. दुसरं, चांदव्याखाली चालणाऱ्या फादरांच्या पाया पडायला मध्ये जायचं नाही, नारळ किंवा पैसे पुढे करायचे नाहीत. ते थांबले तर त्यांच्यामागचे हजारभर लोक थांबतात.

थोडं आयोजकांसाठी, मदतीला आलात तर

रस्त्यावरच्या मिरवणुकीला बिशपांची संमती लागते. पोलिस ठाण्याचा अर्ज आणि वाहतूक शाखेची परवानगी हे काम धर्मग्रामातली जाणती माणसं महिनाभर आधी करतात, त्यात नवीन माणसाने पडू नये. स्पीकर रात्री दहाच्या आत बंद, पण आमची मिरवणूक साडेसातपर्यंत आटोपते. रुग्णवाहिका आली तर स्वयंसेवक ओरडेल, सगळ्यांनी डावीकडे दाबून घ्यायचं. प्रभू थांबतो, रुग्णवाहिका नाही.

चांदव्याचा एखादा खांब धरायला सांगितला तर मात्र नक्की हो म्हणा. चार जणांची उंची साधारण सारखी लागते, म्हणून उंचीवरूनच निवडतात, यात मानपान नाही. खांब सरळ ठेवायचा, फादरांकडे नाही तर इतर तीन खांबांकडे लक्ष द्यायचं, आणि डोळे अधूनमधून वर. वर का, ते सांगते.

एका वर्षी आम्ही मार्ग दिवसाउजेडी पायी फिरून पाहिला होता. खड्डे पाहिले, गटारांची झाकणं पाहिली, वळणं मोजली. उंची कोणी पाहिली नाही. एका अरुंद गल्लीत दोन खांबांमध्ये केबलची वेटोळी लोंबत होती आणि तिलाच कोणा भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स बांधलेला. चांदव्याचा पुढचा कंगोरा त्यात अडकला. पुढच्या दोघांनी खांब खाली केले, मागच्या दोघांना काही कळलं नाही, कापड ताणलं गेलं, आणि फादर मॉन्स्ट्रन्स घेऊन त्या तिरक्या छताखाली गप उभे. पुढची रांग चालत निघून गेली. मागे जपमाळ चालूच. तेवढ्यात कोपऱ्यावरचा अंडीवाला दुकानातून शटर ओढायची आकडी घेऊन आला. रस्त्यात येण्याआधी त्याने चपला पायरीवर काढल्या, आकडीने केबल फ्लेक्ससकट वर उचलली आणि चांदवा पार होईपर्यंत तशीच धरून ठेवली. त्याचा हात थरथरत होता, केबल भलती जड असते. तेव्हापासून मार्ग बघायला जाताना आमच्यातला एकजण चांदव्याचा खरा खांब हातात उभा धरून जातो. लोक बघून हसतात.

शेवट चर्चमध्ये

मिरवणूक दुसऱ्या चर्चमध्ये संपते किंवा परत आपल्याच. सगळे आत मावत नाहीत, आवारात थांबायची तयारी ठेवा. तिथे 'तान्तुम एर्गो' सुरू होतं. दोनच कडवी आहेत, चाल सोपी आहे, आणि लॅटिन येत नसेल तर बिनधास्त गुणगुणा. बाजूची आजी ते तोंडपाठ म्हणत असेल. तिला विचारलंत तर अर्थ सांगता येईलच असं नाही, पण शब्द एकही चुकणार नाही. बऱ्याच ठिकाणी मराठीतही गातात. मराठीतून ख्रिस्ती प्रार्थना-काव्य काही कालचं नाही, फादर स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण 1616 मध्ये छापलं गेलं.

मग पुन्हा धूप, प्रार्थना, तिसऱ्यांदा किंवा चौथ्यांदा तो मूक आशीर्वाद. नंतर "देव धन्यवादित असो" पासून सुरू होणारी स्तुतिवचनं एकेक ओळ फादर म्हणतात आणि लोक तीच परत म्हणतात. म्हणजे पाठ नसली तरी अडत नाही. ओस्ती प्रसादपेटीत ठेवून दार बंद होतं, बाजूचा लाल दिवा जळत असतो. आता बोलायला हरकत नाही, आणि लगेच बोलणं सुरू होतंच. बाहेर चहा आणि वडापाव असतो. ज्यांनी रांगेत एक हात अंतर ठेवलं नाही ते इथे मात्र अगदी चिकटून उभे असतात.

कागदी पेले आणि उरलेल्या मेणबत्त्या दाराशी ठेवलेल्या खोक्यात टाका. तुकडे आम्ही वितळवून पुन्हा वापरतो. साडीवर मेण सांडलं असेल तर नखाने खरवडू नका, डाग पसरतो. घरी जाऊन कपडा थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवा, मेण कडक झालं की वरचं आपोआप सुटतं. मग डागाच्या वर आणि खाली कोरा कागद ठेवून कोमट इस्त्री फिरवा, कागद मेण ओढून घेतो. कागद दोन-तीनदा बदला. वर्तमानपत्र घेऊ नका, शाई उतरते. पैठणी नेसून आला असाल तर यातलं काहीच करू नका, ड्रायक्लीनरकडे द्या आणि पुढच्या वर्षी सुती नेसा.